रक्तातली बुजगावणी

रक्तपेढीत आम्ही ‘ब’ काविळीची तपासणी रोज करतो, पण त्या तपासणीत विषाणूला शोधत नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हमखास विचारतो, मग शोधता तरी काय? तर त्याचं कवच. आणि तेही बहुतेक रिकामं.

हेपॅटायटिस बीच्या, म्हणजे ‘ब’ काविळीच्या, रुग्णाचं रक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तीन आकार दिसतात. एक मोठा गोळा, साधारण ४२ नॅनोमीटरचा, आत डीएनए असलेला. हा खरा विषाणू. १९७० साली डेव्हिड डेन यांनी तो दाखवला, म्हणून त्याला आजही डेन कण म्हणतात. दुसरे २२ नॅनोमीटरचे बारके गोळे. आणि तिसऱ्या, साधारण त्याच जाडीच्या लांबट काड्या. या गोळ्यांत आणि काड्यांत काही नसतं. बाहेरचं प्रथिन, यकृताच्या पेशीतून उचललेली थोडी चरबी, बस्स. डीएनए नाही म्हणजे पुढची पिढी नाही. एखाद्या निरोगी माणसाच्या अंगात गेले तरी हे त्याला आजारी पाडू शकत नाहीत. आणि संख्या विचाराल तर एका खऱ्या विषाणूमागे हे पोकळ कण हजारांनी, काही रुग्णांत लाखानेही असतात.

मला या आकड्याचं नेहमी नवल वाटत आलं आहे, कारण हा विषाणू एरवी कमालीचा चिक्कू. त्याचं सगळं डीएनए जेमतेम ३,२०० अक्षरांचं. जागा वाचवण्यासाठी तोच मजकूर तो दोन वेगवेगळ्या जागांपासून वाचून दोन वेगळी प्रथिनं काढतो. एवढा काटकसरी गडी रिकामी कवचं मात्र अशी उधळतो की रक्त त्यांनी भरून जावं. कारण असं सांगतात की ही बुजगावणी आहेत. शरीराची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) त्यांच्यावर तुटून पडतात, तिथंच खर्ची पडतात, आणि खरा विषाणू गर्दीतून निसटतो. वर्षानुवर्षं असंच चाललं की रोगप्रतिकारयंत्रणा थकते आणि त्या कवचाकडे बघेनाशी होते. शेतातल्या बुजगावण्याला सरावलेल्या चिमण्या त्याच्याच डोक्यावर येऊन बसतात, तसं.

आमची एलायझा, म्हणजे रंगावरून करायची ही तपासणी, याच उधळपट्टीवर चालते. प्लेटला ९६ वेल, म्हणजे बारके खळगे, प्रत्येक वेलच्या तळाला कवच पकडणारी प्रतिपिंडं आधीच चिकटवलेली. रक्तदात्याच्या सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पाण्याचा, थेंब घातला की कवच असेल तर तळाशी अडकतं. मग कॉन्ज्युगेट (विकर जोडलेली प्रतिपिंडं), मग वॉशरमधून धुणं, मग सबस्ट्रेट (त्या विकरामुळे रंग धरणारं रसायन). कवच असलेल्या वेलमध्ये हळूहळू निळा रंग चढतो. शेवटी आम्ल घातलं की निळ्याचा पिवळा होतो आणि रीडर त्याचा आकडा देतो. बहुतेक दिवशी प्लेट पाण्यासारखी स्वच्छ असते आणि कंट्रोलच्या वेलच तेवढ्या पिवळ्या दिसतात. दाणकन पिवळी झालेली वेल वाईट असली तरी तिच्याबद्दल शंका नसते. त्रास देते ती फिकट वेल, कट-ऑफच्या, म्हणजे हो-नाहीच्या सीमारेषेच्या, अलीकडे-पलीकडे रेंगाळणारी. ती परत लावावी लागते, दोन्ही वेळा तशीच आली तर पिशवी बाद होते, आणि मग त्या दात्याला फोन करणं आलं.

विषाणूच शोधायचा म्हटलं असतं तर ही तपासणी इतकी स्वस्त आणि सोपी कधीच झाली नसती. पोकळ कण इतके जास्त आहेत म्हणूनच साध्या रंगाने ते दिसतात.

जुन्या पॅथॉलॉजी लॅबच्या छापील फॉर्मवर अजूनही कुठं कुठं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असं लिहिलेलं सापडतं. ते म्हणजे हेच कवच. त्याची गोष्ट अमेरिकन शास्त्रज्ञ बरुख ब्लूमबर्ग यांची आहे. हा माणूस कावीळ शोधत नव्हताच. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत काय फरक असतो, हे त्यांना बघायचं होतं. ज्यांना पुष्कळदा रक्त चढवलं गेलं आहे अशा रुग्णांच्या अंगात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असणार, या हिशेबाने ते त्यांचं सीरम जगभरच्या नमुन्यांशी ताडून बघत होते. पद्धत साधी: आगरच्या जेलीसारख्या थरात खळगे पाडायचे, एकात एक सीरम, दुसऱ्यात दुसरं, दोन्ही झिरपत झिरपत मध्ये भेटली आणि एकमेकांना ओळखलं तर पांढरी रेघ उमटते. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णाचं सीरम आणि ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचं सीरम यांच्यामध्ये अशी रेघ उमटली. १९६५ साली हे प्रसिद्ध झालं. ती रेघ म्हणजे काय, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. काही काळ तर ब्लूमबर्गना ती आनुवंशिक खूण वाटत होती.

मला या गोष्टीतलं सगळ्यात जवळचं पात्र आहे बार्बरा वर्नर. ब्लूमबर्ग यांच्या फिलाडेल्फियाच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. १९६७ मध्ये त्यांना बरं वाटेनासं झालं. आपण रोज जी तपासणी लावतो तीच त्यांनी स्वतःच्या रक्ताला लावली, आणि आधी कधी न आलेली रेघ आली, फिकट. त्यांना कावीळच झाली होती. या तपासणीवरून विषाणूजन्य काविळीचं निदान झालेलं पहिलं माणूस म्हणजे ही बाई, आणि निदान करणारीही तीच. त्या बऱ्या झाल्या. नोबेल १९७६ साली ब्लूमबर्ग यांना मिळालं, ते योग्यच होतं. तरी आमच्या कामात तंत्रज्ञाचं नाव अहवालाच्या तळाशी, सहीपुरतं येतं, म्हणून इथं दोन ओळी जास्त लिहिल्या.

पुढचा विचार आज सोपा वाटतो. रुग्णाच्या रक्तात निरुपद्रवी कवचं मणामणाने पडलेली असतील, तर तीच गाळून काढून लस का करू नये? ब्लूमबर्ग आणि अर्व्हिंग मिलमन यांनी १९६९ मध्येच या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ती माणसांत चालते याचा पहिला पुरावा मात्र ज्या तऱ्हेने मिळाला, ते वाचताना आजही कसंतरी होतं. न्यूयॉर्कमध्ये विलोब्रुक नावाची बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची सरकारी संस्था होती. तिथं सॉल क्रुगमन यांनी रुग्णाचं सीरम मिनिटभर उकळून मुलांना टोचलं, आणि नंतर त्यांना मुद्दाम जिवंत विषाणू दिला. उकळलेल्या सीरममुळे बऱ्याच मुलांचं रक्षण झालं. उकळण्याने विषाणू मेला होता, कवचं मात्र टिकली होती. शास्त्राच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा. पण ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशांच्या अंगावर तो मिळवलेला आहे, आणि आज कुठल्याही समितीपुढे तो प्रयोग उभा राहू शकणार नाही.

मर्क कंपनीच्या मॉरिस हिलमन यांनी मग हे काम पद्धतशीर केलं. बाधित माणसांचा प्लाझ्मा घ्यायचा, त्यातली कवचं वेगळी काढायची, आणि पेप्सिन, युरिया, फॉर्मॅल्डिहाइड असे तीन मार देऊन बाकी जे काही जिवंत असेल ते संपवायचं. १९८१ मध्ये अमेरिकेत ही लस मंजूर झाली. चांगली होती, पण वेळ वाईट. त्याच सुमारास एड्सची बातमी आली, आणि दुसऱ्याच्या रक्तापासून केलेली लस टोचून घ्यायला डॉक्टरसुद्धा बिचकू लागले. तोवर विल्यम रटर आणि पाब्लो वालेन्झुएला यांनी वेगळीच वाट काढली होती. कवचाचं एकच जनुक घेऊन त्यांनी ते पाव फुगवायच्या यीस्टमध्ये घातलं. यीस्टने प्रथिन केलं, आणि त्या प्रथिनापासून २२ नॅनोमीटरचे गोळेही मिळाले, रक्तात मिळतात तसेच. १९८२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, १९८६ मध्ये त्यावरची लस मंजूर झाली. जनुक-तंत्रज्ञानाने केलेली माणसांसाठीची ती पहिली लस. तिच्यात विषाणू कधी नव्हताच, मेलेलाही नाही.

आपल्याकडे १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती बनवली आणि परवडण्याचा प्रश्न एकदम बदलला. त्याआधी ही लस म्हणजे खासगी डॉक्टरकडे जाणाऱ्यांची चैन होती. आता सरकारी दवाखान्यात बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पहिला डोस देतात, आणि आईला पुष्कळदा कळतही नाही की कुठली टोचली.

लस आणि तपासणी यांत मोजली जाणारी वस्तू एकच आहे, याचा आम्हाला कधी कधी प्रत्यक्ष प्रसाद मिळतो. एकदा एका नर्सिंग कॉलेजच्या शिबिरातून पिशव्या आल्या होत्या. त्यातल्या एका मुलीची वेल फिकट पिवळी. परत लावली, परत तशीच. वय जेमतेम वीस, तब्येत ठणठणीत, आधी कधी कावीळ नाही. आमच्या डॉक्टर मॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला, “लस कधी घेतलीस?” तर शिबिराच्या चार-पाच दिवस आधी तिच्या बॅचला डोस दिला होता, आणि फॉर्मवरच्या त्या रकान्यात तिने काही लिहिलं नव्हतं. लशीतले कण काही दिवस रक्तात फिरत असतात, आमची प्लेट त्यांना पकडते. प्लेटला काय ठाऊक की हे यकृतातून आले की यीस्टमधून. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं तेव्हा ते स्वच्छ निघालं. तोवर ती पोरगी मात्र रडून अर्धी झाली होती. त्यानंतर शिबिरात लशीचा प्रश्न मी तोंडी विचारते, फॉर्मवर सोडत नाही.

अशा कणांना विषाणूसदृश कण म्हणतात. बाहेरून विषाणू, आतून पोकळ, निदान विषाणूचा मजकूर नसलेले. हा शोध माणसाचा, असं आपण समजतो. मी ते पहिल्यांदा वेगळ्या नजरेने पाहिलं ते भावाच्या रानात, हरभऱ्यात.

दादाचं रान धाराशिवकडे. हरभरा फुलात आला की घाटेअळीचं राज्य सुरू होतं. दादा कामगंध सापळे लावतो, पक्षी बसावेत म्हणून टी आकाराचे थांबे रोवतो, निंबोळी अर्क मारतो. फवाऱ्याची घाई मात्र करत नाही, आणि का करत नाही ते त्याने मला एका फांदीवर दाखवलं. पानाला चिकटून एक कोष होता, तांदळाच्या दाण्याएवढा, पांढुरका-करडा. त्याच्या शेजारी घाटेअळीचं वाळलेलं कातडं लोंबत होतं. “ही आपली माणसं,” दादा म्हणाला. कृषी विद्यापीठाच्या पत्रकात तिचं नाव कॅम्पोलेटिस क्लोरिडी. गांधीलमाशीच्या गोतातली, पण चिलटासारखी बारीक. कोवळ्या अळीच्या अंगात ती एक अंडं घालते, त्यातून निघालेलं पिलू अळीला आतून खातं, आणि अळी मोठी होऊन घाट्यांत शिरण्याआधीच बाहेर पडून कोष करतं.

आता अळीलाही रोगप्रतिकारयंत्रणा असते. अंगात परकी वस्तू आली की तिच्या रक्तपेशी तिच्याभोवती थरावर थर चढवून तिला कोंडून मारतात. मग त्या अंड्याला का मारत नाहीत? कॅम्पोलेटिसच्याच अमेरिकेतल्या एका बहिणीवर केलेलं काम १९८१ साली ‘सायन्स’मध्ये आलं. शास्त्रज्ञांनी तिची अंडी धुऊन स्वच्छ केली आणि अळीत सोडली, तर अळीने ती कोंडून मारली. अंड्यांबरोबर मादीच्या अंडाशयातले काही विशिष्ट कण सोडले, तेव्हा अंडी वाचली. ते कण दिसायला विषाणू. पण अळीत गेल्यावर ते वाढत नाहीत, त्यांची पिल्लावळ होत नाही. कारण त्यांच्या आत विषाणूचा संसार नाहीच. त्यांत आहेत माशीला उपयोगी पडणारी जनुकं. ती अळीच्या पेशींत शिरतात आणि तिच्या बंदोबस्ताच्या पेशींना लुळं पाडतात. कण तयार कसे करायचे याची कृती माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांत लिहिलेली आहे, आईकडून लेकीकडे जाणारी.

म्हणजे कधी काळी या माशीच्या पूर्वजाला एका विषाणूने गाठलं, त्याचा मजकूर तिच्या मजकुरात मिसळला, आणि पिढ्यान्‌पिढ्या जाता जाता विषाणूने घर गमावलं. कवच करण्याची कला तेवढी माशीकडे राहिली. तिने ती कामाला लावली. अशाच कणांच्या ब्रॅकोव्हायरस नावाच्या दुसऱ्या गटात हे घडून दहा कोटी वर्षं झाली असावीत असा अंदाज आहे.

पिठातल्या पतंगाच्या अळीवर जगणारी व्हेन्टुरिया कॅनेसेन्स नावाची माशी तर याहून पुढची. तिच्या कणांत डीएनए अजिबात नाही, नुसती कवचं, प्रथिनांनी भरलेली. अंडं बाहेर पडताना ती त्याच्यावर लेपली जातात आणि अळीच्या पेशींना ते अंडं परकं वाटतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण १९६०च्या दशकातच दिसले होते, पण ते मुळात एका विषाणूपासून आले आहेत हे जनुकांवरून पक्कं व्हायला २०१५ साल उजाडलं. तोवर बरेच जण ते माशीचंच काहीतरी समजत होते. तसे ते माशीचेच आहेत म्हणा, आता.

हेपॅटायटिसचा विषाणू आणि ही माशी, दोघांचा खेळ एकच: कवच पुढे करायचं आणि समोरच्याचा बंदोबस्त चुकवायचा. आपण लशीत तेच कवच घेतलं आणि बंदोबस्त जागा करायला वापरलं. वस्तू तीच. यकृतातून वर्षानुवर्षं गळत राहिली की शरीर तिला सरावतं. दंडात एकदम, सोबत थोडं अॅल्युमिनियमचं मीठ घालून, टोचली की शरीर खडबडून उठतं.

आपल्या अंगातही असला जुना माल कमी नाही. माणसाच्या डीएनएतला साधारण आठ टक्के भाग प्राचीन विषाणूंचा उरलासुरला मजकूर आहे. बाळंतपणानंतर पडणारी वार, जिला आपण पुरून टाकतो, तिच्यातून विषाणूसारखे कण बाहेर पडताना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. पुढे २००० साली कळलं की वारेचा आईकडचा सलग थर ज्या प्रथिनामुळे जुळतो, ते सिन्सिटिन नावाचं प्रथिन मूळ एका विषाणूच्या कवचाचं आहे. २०१८ साली त्याहून चक्रावणारी बातमी आली: आठवण पक्की करण्यासाठी लागणारं मेंदूतलं ‘आर्क’ नावाचं प्रथिन विषाणूसारखी पोकळ कवचं बांधतं, आत आरएनए भरतं आणि एका पेशीकडून दुसरीकडे पाठवतं. उंदरांत आणि फळमाश्यांत, दोन वेगळ्या गटांनी एकाच वेळी हे दाखवलं. याचा आठवणीशी नेमका संबंध काय, हे अजून शोधताहेत. लगेच ‘आठवणी म्हणजे विषाणू’ असे मथळे देणाऱ्यांच्या नादी मी लागत नाही.

मला जास्त सांगायचं आहे ते बार्शीचं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा आपल्याकडच्या बायकांचा जुना वैरी. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण आणि पाऊण लाखाहून जास्त मृत्यू. तो होतो एचपीव्ही या विषाणूमुळे. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना त्यासाठी २००८चं नोबेल मिळालं. या विषाणूची जुन्या पद्धतीने लस करता येईना. एक तर तो प्रयोगशाळेत नीट वाढत नाही. दुसरं, त्याच्या डीएनएतच कर्करोग घडवणारी जनुकं आहेत, मग मारलेला असला तरी तो धडधाकट मुलींना कोण टोचणार? १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात जियान झोऊ आणि इयन फ्रेझर यांनी बाहेरच्या कवचाची प्रथिनं पेशींत तयार करून बघितली, आणि ती आपोआप जुळून विषाणूसारखे पोकळ गोळे झाले. एका गोळ्यात एल-वन नावाच्या एकाच प्रथिनाचे ३६० तुकडे, पाच-पाचच्या ७२ गटांत. १९९३ मध्ये अमेरिकेत जॉन शिलर आणि डग्लस लोवी यांच्या प्रयोगशाळेला कळलं की सगळे जण या विषाणूच्या १६ क्रमांकाच्या प्रकाराचा जो नमुना, एचपीव्ही-१६, वापरत होते, त्याच्या जनुकात एक दोष आहे; तो नमुना एका गाठीतून घेतलेला होता आणि त्यापासून कवचं धड जुळत नव्हती. दुसरीकडचे नमुने घेतल्यावर कवचं भराभर तयार होऊ लागली. झोऊ १९९९ मध्येच वारले; २००६ मध्ये आलेली लस त्यांना बघायला मिळाली नाही.

आता बार्शी. आमच्याच जिल्ह्यातल्या या गावात नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथल्या लोकांनी टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बायकांची तपासणी हाती घेतली. ५२ समूहांत वाटलेली गावं, एक लाख एकतीस हजारांवर बायका. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली या गावांनी जगाला दाखवलं. आमची आत्या त्या भागातली. तपासणीची गाडी आली की बायका आधी लाजून घरात बसायच्या, मग आरोग्यसेविका दारोदार फिरून एकेकीला समजावून आणायच्या, असं ती सांगायची.

त्याच वर्षी देशातल्या नऊ ठिकाणी मुलींवर लशीचा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी होतं, पुणं होतं, मुंबई होती. प्रश्न साधा होता, तीन डोसांऐवजी दोन चालतील का? वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. तेवढ्यात २०१०च्या एप्रिलमध्ये सरकारने एचपीव्ही लशीचे सगळे प्रयोग थांबवले. आंध्र आणि गुजरातमध्ये चाललेल्या एका वेगळ्याच प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते. ते मृत्यू लशीमुळे नव्हते असं चौकशीत म्हटलं गेलं. पण संमतीपत्रांचा गोंधळ बाहेर आला: वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या वतीने वॉर्डननी सह्या केलेल्या. लोक चिडले ते उगाच नाही. लस कितीही चांगली असो, पोरीच्या आईबापाला न विचारता ती टोचायची ही रीत विलोब्रुकच्याच घराण्यातली, असं माझं मत आहे.

अभ्यास अर्ध्यावर तुटला. सुमारे पावणेअठरा हजार मुलींना लस मिळाली होती, पण कुणाला तीन डोस, कुणाला दोन, आणि पाच हजारांच्या आसपास मुलींना फक्त एक. कागदावर बघाल तर सगळा विचका. संशोधकांनी मात्र त्या मुलींना सोडलं नाही. वर्षामागून वर्षं रक्त घेतलं, लग्न झाल्यावर सासरी जाऊन नमुने घेतले. आपल्याकडे पोरगी लग्न होऊन गेली की पत्ता, आडनाव, फोन सगळं बदलतं, तेव्हा हे काम किती चिकाटीचं असेल ते फील्डवर फिरलेल्यालाच कळेल. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त दहा वर्षांचा हिशेब आला: एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने मिळालेलं संरक्षण ९५ टक्क्यांच्या घरात, तीन डोसांच्या तोडीचं. केनियातल्या आणि कोस्टारिकातल्या अभ्यासांचीही जोड मिळाली, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की तरुण मुलींना एक डोसही पुरे आहे. गरीब देशांसाठी याचा अर्थ तेवढ्याच पैशांत दुप्पट मुली.

एकच डोस पुरतो कसा? खरा संसर्ग झालेल्या बायकांपैकी पुष्कळजणींच्या रक्तात प्रतिपिंडं धड तयारच होत नाहीत, आणि पोकळ कवच टोचलेल्या जवळजवळ सगळ्या मुलींच्या होतात, भरपूर आणि टिकाऊ. आजारापेक्षा त्याचं रिकामं सोंग जास्त शिकवतं. कारण खरा विषाणू कातडीच्या वरवरच्या थरात दबा धरून राहतो, रक्ताला त्याचा पत्ता लागत नाही. लस जाते थेट स्नायूत. शिवाय ३६० वेळा ठरावीक अंतराने तेच प्रथिन मांडलेलं दिसलं की प्रतिपिंडं बनवणाऱ्या आपल्या बी पेशी जाम उत्तेजित होतात. अशी काटेकोर मांडणी शरीराच्या स्वतःच्या वस्तूंवर सहसा नसते.

२०२३च्या जानेवारीत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपली सर्व्हाव्हॅक बाजारात आणली, यीस्टमध्ये केलेली. दादाची थोरली तेव्हा चौदाची. वहिनीचा जीव धजेना. “वन्सं, लस म्हणजे थोडा थोडा तोच रोग टोचायचा ना? आणि असला रोग, पोरीला?” मी तिला सांगितलं, यात रोग नाहीच, नुसतं त्याचं टरफल आहे. तिने ऐकून घेतलं, पटल्यासारखं केलं, आणि मग खरा प्रश्न विचारला, “लोक काय म्हणतील, हिला आत्ताच ही लस कशाला?” त्याला सूक्ष्मदर्शकात उत्तर नाही. दादाच मग मध्ये पडला आणि गाडी काढली.

पुण्याच्याच त्या कारखान्यात हिवतापाची आर-ट्वेंटीवन ही लसही होते, ऑक्सफर्डबरोबर केलेली. तिच्यात हेपॅटायटिस बीच्या त्याच जुन्या कवचावर हिवतापाच्या परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा जोडलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि २०२४ पासून ती आफ्रिकेतल्या मुलांना मिळते आहे. आमच्या प्लेटवर पिवळं पडणारं प्रथिन तिथं दुसऱ्याच रोगाचं सामान वाहतंय.

पण ज्यांच्या यकृतात तो विषाणू आधीच मुक्कामाला आहे, त्यांना या लशीचा काही उपयोग नाही. हे सांगायची वेळ महिन्यातून एकदा तरी येते. गेल्या पावसाळ्यात एका ट्रकचालक दात्याला बोलावलं होतं. तिशीचा, आखाती देशात जायची तयारी केलेला. तिकडच्या मेडिकलमध्ये ही तपासणी रिअॅक्टिव्ह आली की माणूस अनफिट. त्याने बाहेर तज्ज्ञांना दाखवलं, गोळी सुरू झाली, आणि काही महिन्यांनी विषाणू मोजण्याचा रिपोर्ट घेऊन तो उड्या मारत आला. “ताई, हे बघा, व्हायरस सापडतच नाही म्हणतेत! आता तुमची टेस्ट निगेटिव्ह येईल ना?”

येत नाही. गोळी नवा विषाणू बनणं थांबवते. पण विषाणूच्या डीएनएचे तुकडे यकृताच्या पेशींच्या गुणसूत्रांत शिरून बसलेले असतात आणि त्यांच्यावरून कवचं निघतच राहतात. वर्षाला शंभरातल्या एखाद्याच्याच रक्तातून ती पुरती जातात. कवचांचं उत्पादनच बंद पाडणाऱ्या औषधांचे प्रयोग चालू आहेत. त्या पोराला आज सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. गोळी बंद करू नको, दारू सोड, सहा महिन्यांनी सोनोग्राफी कर, एवढं सांगितलं. मग बायको-मुलांचं विचारलं. त्याने जरा वेळाने विचारलं, “त्यांना टोचायच्या लशीत पण हेच असतंय म्हणा की?”

हो, म्हटलं, हेच.

बायको त्याच आठवड्यात येऊन गेली. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, पहिला डोस लगेच दिला, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. धाकटा सिव्हिलमध्ये जन्मलेला, त्याच्या कार्डावर जन्माच्या दिवशीचा डोस होता. थोरलीचं कार्ड काही सापडेना, म्हणून तिचं रक्त घेऊन दुसऱ्या दिवशीच्या प्लेटला लावलं.